नलूबाईंच्या हातातली गाडी

वर्ध्याला आमच्या शाळेत नलू भोयर गणित शिकवायच्या. चौथ्या वर्षी पोलिओने दोन्ही पाय गेले, तेव्हापासून कुबड्या. सायकलरिक्षातून शाळेत येत. रिक्षावाला आला नाही की घरीच अडकत. एकोणऐंशी साली एका दुपारी आम्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला वहीचं एक पान दाखवलं. मोटारीचे तीन पेडल काढले होते आणि प्रत्येकापासून एकेक रेघ वर, हातापर्यंत आणली होती. मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

शाळेजवळच्या प्रभाकरराव वकिलांना दिसेनासं झालं, तेव्हापासून त्यांची अम्बॅसेडर अंगणात नुसती उभी होती. "चालवून दाखव, घेऊन जा," ते नलूबाईंना म्हणाले. थट्टेत की खरंच, कोण जाणे. पण पुढच्याच रविवारी बाई मोटारी दुरुस्त करणाऱ्या हिरालाल मिस्त्रीला घेऊन त्यांच्या दारात हजर.

हिरालालने आधी हात जोडले. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर जमेल, म्हणाला. पण एकाच वेळी क्लच धरायचा, गिअर टाकायचा आणि स्टिअरिंगही सांभाळायचं, तर तिसरा हात आणायचा कुठून? बाईंनी चार दिवस घेतले. मग म्हणाल्या, क्लचच्या दांड्याला हँडब्रेकसारखी दातेरी पट्टी बसवा. ओढला की दांडा अडकून राहील आणि डावा हात मोकळा होईल. गिअर पडला की खटका दाबून दांडा हळूहळू सोडायचा. ब्रेकसाठी उजवीकडे लोखंडी दांडा, पुढे ढकलायचा. स्टिअरिंगखाली एक कडं, बोटांनी दाबलं की गाडी वेग घेणार.

तीन महिने लागले. सुरुवातीला गाडी आचके देऊन बंद पडायची. बाईंच्या तळव्यांना फोड आले. हाताला फडकं गुंडाळून त्या फळ्यावर लिहायच्या.

परवान्याच्या दिवशी अधिकाऱ्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, आधी मीच पाहतो. पाय पोटाशी घेऊन हातांनी चालवू गेले, तर गाडी तीनदा बंद पडली. मग बाईंनी त्यांना शेजारी बसवलं, चढावर गाडी थांबवली आणि तसूभरही मागे न जाऊ देता पुढे काढली. साहेब उतरले, कागद बोनेटवर ठेवून सही केली आणि बाईंना नमस्कार केला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही आंजीला, बाईंच्या माहेरी निघालो. मागच्या सीटवर मी आणि हिरालाल. रस्त्यात कापसाच्या बंड्यांची, बैलगाड्यांची रांग होती. एका बंडीचा बैल एकदम आडवा आला. मी आणि हिरालाल, दोघांनीही बसल्या जागी पाय खाली दाबले. बाईंनी नुसता उजवा तळवा पुढे ढकलला. बैलाच्या शिंगांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. बैल बाजूला होताच बाईंनी क्लच ओढला आणि गाडी पुढे काढली.

अंगणात त्यांची आई, मनकर्णाबाई, तुरी वाळत घालत होत्या. त्या गाडीजवळ आल्या, वाकून एकेक दांड्याला हात लावला.

"पायाचं काम हात करते?"

"हो माय."

"मंग मले वावरात ने."

त्यांना पुढे बसवलं. चौथीपर्यंत त्यांनी नलूला रोज कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं, पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्यातून नाला ओलांडून. हे बाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं, मला ते तिथे कळलं, कारण नाल्यावरचा नवा पूल लागला तेव्हा मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "इथूनच तुले नेत होती ना वं मी."

"हो. आता मी तुले नेऊन राह्यली."

लेकीचे हात दांड्यावरून कड्यावर, कड्यावरून गिअरवर जात होते. मनकर्णाबाई ते पाहत होत्या, देवळात बसावं तशा, श्वाससुद्धा हळू घेत. वावर आलं, पण उतरल्या नाहीत. "अजून समोर चाल," म्हणाल्या. आम्ही खरांगण्यापर्यंत गेलो.

नऊ वर्षं बाईंनी ती गाडी चालवली. हिरालालकडे पुढे बाहेरगावची माणसं यायची, कुणाचा पाय गेलेला, कुणाचे दोन्ही. तो त्यांना एकच सांगायचा: आधी जाऊन नलूबाईंच्या शेजारी बसा, मग आपण मापं घेऊ.