फुजैराची सर्व्हिस आणि साहेबांचा हबीबी

मंदीत आमचं दुबईचं ऑफिस इतकं रिकामं झालं की शिंकलं तर प्रतिध्वनी यायचा. प्रोग्रामर उरलो दोघं, मी आणि शेजारच्या टेबलावरचा पुणेकर. त्यातला एकच राहणार, हे साहेबांनी सांगून टाकलं होतं. पुणेकराला ते 'हबीबी', म्हणजे 'लाडक्या', म्हणायचे, मला 'मिस्टर'. तेवढ्यानंच माझा जळफळाट व्हायचा.

त्यात मी पायथनमध्ये लिहिलेली सोप सर्व्हिस, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरना माहिती पुरवणारा प्रोग्राम, रुसली. फुजैरा बंदरातल्या क्लायंटला तिच्याकडून जहाजांच्या तेलाची माहिती हवी होती. आमच्या सर्व्हरवर ती घोड्यासारखी धावे, फुजैराहून हाक मारली की मढं! मी फायरवॉलला शिव्या घातल्या, केबल बदलली, मधल्या डोंगरांवरसुद्धा संशय घेतला.

पुणेकर चहा घेऊन आला. "अहो, ही बया लोकांना स्वतःचा पत्ता काय सांगते, ते बघितलंत?"

बघितलं. तिची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये पत्ता होता 'लोकलहोस्ट', म्हणजे 'याच मशीनवर'. फुजैराचा कॉम्प्युटर बिचारा तिला स्वतःच्याच पोटात शोधत होता!

त्यानं एक ओळ बदलली. साहेब गरजले, "हबीबी!" माझ्या अंगाचा असा भडका उडाला की एसीनं हात टेकले.

"इतना मालूम है तो क्लायंट के पास ही बैठ, चल, यल्ला!" म्हणत साहेबांनी त्याला कायमचं फुजैराला धाडलं. माझी खुर्ची वाचली. मी राहायचो त्या अख्ख्या करामा वस्तीत मी पेढे वाटले.

आठवड्यानं त्याचा फोन आला, "खिडकीतून समुद्र दिसतो हो! आणि रोज ताजी सुरमई!"

त्या दिवसापासून माझ्या ताटातल्या सुरमईला चवच लागेना.