साक्षीदार बाटली

पूल ओलांडला तेव्हा निम्मी वाट सरली होती. बाटलीवाले काका बर्फाची पेटी दोन चाकांच्या गाड्यावर ठेवून ओढत होते आणि सूनबाई मागोमाग चालत होती. वळणावर पेट्रोलपंप दिसला, तसे काका गाडा घेऊन थेट पलीकडच्या कडेला गेले.

"अहो काका, झाकणं तर घट्ट लावलीत ना!" ती धापा टाकत म्हणाली.

"लावलीत. पण दुधानं तोंड पोळलंय ताई. आता ताकही फुंकूनच."

ती काही हौसेनं आली नव्हती. सकाळी सासूबाईंचं फर्मान निघालं होतं, "त्या माणसाबरोबर जा. बाटल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत पोचेपर्यंत नजर हलवू नकोस." हे त्यांनी काकांच्या देखत, पण भिंतीकडे बघून सांगितलं. वर्ष झालं, त्यांनी काकांशी अबोला धरला होता.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोपऱ्यावरच्या पंपाची जमिनीतली टाकी गंजली आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना पेट्रोल मातीत झिरपत राहिलं. घरच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा कुठे कळलं. पंप बंद झाला, टाकी निघाली, नासलेली माती ट्रक भरभरून गेली. जमिनीतली वाफ ओढून काढणारं यंत्र सहा वर्षं गल्लीत घरघरत होतं. विहिरीवर लोखंडी झाकण आलं, कुलूप आलं, 'पाणी पिऊ नये' असा लाल फलक आला. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यावर पहिली घागर त्याच विहिरीवर भरलेली. रोज टँकरचं पाणी पिताना त्या म्हणायच्या, "देवा, डोळे मिटायच्या आत माझ्या विहिरीचा एक घोट मिळू दे."

तो घोट काकांच्या हातात होता. दर तीन महिन्यांनी ते यायचे. आधी साठलेलं शिळं पाणी उपसून टाकायचे, मग गुडघे टेकून अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या भरायचे. बाटली उलटी करून उजेडात धरायची. आत हवेचा बुडबुडा दिसला की ती बाद, कारण पेट्रोल पाण्यातून निसटून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. मग नवी बाटली. आज एकीसाठी त्यांनी सहा बाटल्या बाद केल्या, तेव्हा सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "एवढं निरखून तर मुलगीसुद्धा कोणी बघत नाही!"

शेवटी काका आणखी एक बाटली भरायचे. विहिरीच्या पाण्याची नव्हे, बरोबर आणलेल्या शुद्ध पाण्याची. पण त्याच जागी, त्याच हातांनी. तिला ते साक्षीदार म्हणायचे. तिच्यात पेट्रोल सापडलं तर दोष विहिरीचा नाही, भरणाऱ्याचा.

लागोपाठ चार नमुने शुद्ध आले तर झाकण निघणार, असा नियम. दोन आले. तिसऱ्यात पेट्रोल निघालं, आणि साक्षीदारातही निघालं. काकांना आठवलं, त्या सकाळी स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं होतं आणि हातमोज्यांचा डबा स्कूटरच्याच डिकीत होता. नमुना बाद, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आणखी एक वर्ष.

"तेव्हा आमच्या कचेरीतले म्हणाले, गल्लीत सांगायची काय गरज?" काका चालता चालता म्हणाले. "जमिनीत अजून थोडं राहिलंय म्हणा, कोण विचारतंय!"

सूनबाईला तो दिवस लख्ख आठवत होता. काका विहिरीपाशी उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "चूक माझी आहे. माझ्या हाताला पेट्रोल होतं." आणि सासूबाई कडाडल्या होत्या, "बारा वर्षं थांबले, आणि तुमच्या स्कूटरनं माझा घोट अडवला!"

त्या दिवसापासून नमुन्याच्या दिवशी काका स्कूटरला हात लावत नाहीत. पायीच जातात, जाताना सात किलोमीटर, येताना सात. तीन नमुने शुद्ध आले. आजचा चौथा.

"तुम्हाला राग नाही येत त्यांचा?" तिनं विचारलं.

"राग कसला? वर्ष त्यांचं गेलं. माझे तर नुसते पाय दुखतात."

मग तिनं गाड्याची दांडी धरली. "द्या, जरा मी ओढते."

"हात?"

"साबणानं धुतलेत. सासूबाईंनी दोनदा धुवायला लावलेत."

काका पहिल्यांदाच खळखळून हसले.

प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या बाईंनी बाटल्या मोजून घेतल्या, साक्षीदारासकट. सह्या झाल्या. निकाल तीन आठवड्यांनी. सूनबाईनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आज घोटासाठी घेतलं तसंच या माणसासाठीही. वळून पाहिलं तर काका रिकाम्या गाड्यापाशी घुटमळत उभे.

"ताई, एक मागू?"

"सांगा ना, काका."

"निकाल आधी मला कळतो. चांगला आला तर तुम्हाला फोन करीन. सासूबाईंना तुम्हीच सांगा, माझं नावही काढू नका. मला बघितलं की त्यांना जुनं आठवेल, उगाच घोट कडू व्हायचा. पण वाईट आला, तर तुम्ही एक शब्द बोलू नका. मी येईपर्यंत थांबा. ते त्यांना मला सांगू द्या."