बडग्याचा पाय

आमच्या मोहल्ल्यातला सायकलवाला पंक्चर काढताना चकार शब्द बोलत नसे. त्याचं वर्षभराचं बोलणं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत निघायचं. लोकांना छळणाऱ्याचा पुतळा, म्हणजे बडग्या, बांधावा तर त्यानंच! यंदा कोण, या विचारानं आम्हाला आठवडाभर झोप नसायची.

त्या वर्षी पाळी रेशन दुकानदाराची होती. तो आदल्या दिवशी येऊन "हात तोडीन" म्हणाला.

सायकलवाला स्पोक आवळत राहिला. "तू काटा मारनं बंद कर, मी बडग्या बंद करतो."

सकाळी ढोल वाजू लागले आणि बडग्या पाहून गर्दी पोट धरून हसली. दुकानदार लंगडा होता. बडग्याचा एक पाय मी गुपचूप कापून आखूड केला होता.

सायकलवाल्यानं ढोल थांबवले. "तो लंगडा हाये म्हणून काटा मारते का गा?" सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्या मला त्यानं विचारलं. सगळी मिरवणूक उन्हात ताटकळत ठेवून त्यानं बांबू आणि भाताच्या तणसाचा पाय नवा बांधला. मग स्वतःच पहिली आरोळी ठोकली, "काटा मारणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

दुकानापुढे आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. दुकानदार काठी उगारून दारात उभा होता. त्यानं बडग्याचे दोन्ही पाय पाहिले, आणि काठी खाली टेकली.