एक नंबर मोठी चप्पल

दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ कोरोनातून उठला आणि आमच्या घरात एक फुकटचा वैद्य जन्माला आला. ऑक्सिजनवरून सुटून घरी आला तर कॉलनीतल्या लोकांनी हार घातला. झालं! तेव्हापासून बोटाला ती ऑक्सिजन मोजायची चिमटी लावून दादा गेटजवळ बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अठ्ठ्याण्णव दाखवायचा. आणि हा म्हणे बँकेत मॅनेजर होता. अंग दुखलं की मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणायचा, वर गुळवेलीचा काढा.

सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की हा आजार किडनीलाही धरतो. पंधरा दिवसांनी क्रिएटिनिन आणि लघवी तपासा, दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका, असं कागदावर लिहूनही दिलं. "अगं, रोग छातीचा. किडनीचा काय संबंध? ह्यांचे धंदे सगळे," दादा म्हणाला. मीही मान डोलावली. कागद वहिनींनी पर्समध्ये ठेवला.

महिन्याभरात त्याचे पाय सुजले. चप्पल पायात शिरेना. शहाणा माणूस दवाखान्यात गेला असता. आमचा शहाणा नवी चप्पल घ्यायला औरंगपुऱ्याच्या बाजारात निघाला, मला घेऊन, कारण घासाघीस मी चांगली करते असा आमच्या खानदानाचा समज आहे. वहिनी आल्या मागोमाग.

दुकानदारानं माप घेताना पाऊल दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. "साब, सूजन है. डाक्टर कू बताव," तो म्हणाला. चपला विकणाऱ्याला कळलं ते आम्हा शिकलेल्या बहीण-भावाला कळलं नाही.

वहिनींना तेवढा धीर पुरला. "शेजारीच लॅब आहे," त्या म्हणाल्या. "आजच लघवी तपासून घेऊ या का? फेस येतोय म्हणत होते हे."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो वहिनी, चार माणसांत लघवीचं काय काढता? जरा तरी भान ठेवा!"

दादा फिदीफिदी हसला. वहिनींनी पर्स उघडून चपलेचे पैसे काढले. आम्ही एक नंबर मोठी चप्पल घेतली, वर कुल्फी खाल्ली आणि घरी आलो.

पुढं तीनच आठवड्यांत त्याला श्वास घेता येईना, तेव्हा नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. कोरोनानं सुरुवात केली, गोळ्यांनी उरलंसुरलं संपवलं, वेळेत आला असतात तर वाचवता आल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सूज उतरली, आणि ती मोठी चप्पल घरभर फटक फटक वाजत असते. मला ती शेजारच्या खोलीतही ऐकू येते. थू असल्या अब्रूवर! माझ्याच.

आता त्याला घरातल्या कुणाची तरी किडनी बसवायची आहे. माझी चालत नाही, मला साखर आहे. वहिनींची जुळतेय. गेल्या मंगळवारी त्यांच्या तपासणीसाठी त्याच लॅबमध्ये निघालो. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी लघवीची बाटली हातात घेतली. "पिशवीत टाका हो," असं माझ्या जिभेवर आलं, खरंच आलं. इतकं होऊनही मेली खोड जात नाही. वहिनी बाटली तशीच, सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून चपलांच्या दुकानासमोरून, भर गर्दीतून चालत गेल्या. मी खाली मान घालून त्यांच्या मागं गेले.