बाग कोणाच्या बापाची?

आमच्या कॉलनीच्या बागेत एक पिंपळ आहे आणि त्याच्या पारावर लोक देव टाकतात. टाकतात हाच शब्द खरा, ते स्वतः मात्र ‘ठेवतो’ म्हणतात. फुटकी तसबीर घरात ठेवायची नाही, घंटागाडीत देव दिला तर पाप लागतं, मग सगळं पिशवीत भरायचं, पारावर सोडायचं आणि हात जोडून घरी जाऊन चहा प्यायचा. झालं! त्यांचं पाप टळलं आणि काचा आमच्या मुलांच्या पायात.

बागेला लागून समाजमंदिर आहे. त्याच्या एका खोलीत मी बालवाडी चालवते. द्वारका चौकाकडून आत वळलात की पहिल्यांदा आमचा गोंगाटच ऐकू येतो. खोली एवढीशी, त्यामुळे खेळायला बागेतच जावं लागतं. गेल्या दिवाळीच्या आधी घरोघरी आवराआवर निघाली आणि पारावर तसबिरींचा ढीग लागला. त्यातली काच आमच्या एका मुलाच्या टाचेत घुसली. काय रडलं ते लेकरू! त्याला पट्टी बांधून घरी पोचवलं आणि म्हटलं, आता बास झालं.

दुसऱ्या दिवशी काचा आणि चौकटी मी काढल्या, त्यांना मुलांचा हात लागू दिला नाही. कागदाचे देव मुलांनी बादलीत भिजवले, कुस्करले आणि तो लगदा पिंपळाच्या बुंध्याशी घातला. वर नमस्कारही केला. विसर्जन म्हणजे दुसरं काय असतं हो?

मग मी विचारलं, “ही बाग कोणाची?” एक म्हणाला, “सरकारची.” दुसरी म्हणाली, “वॉचमनकाकांची.” मी म्हटलं, “अरे, आपली! तुझी, माझी, तुझ्या आईची, तुझ्या बापाची.” ‘बापाची’ म्हटल्याबरोबर पोरं खो खो हसायला लागली. मुलं हसली की तो शब्द विसरत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. तेव्हापासून खेळ संपला की मी ओरडायचे, “बाग कोणाच्या बापाची?” पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, “माझ्या बापाची!” आणि कुरकुऱ्यांची पाकिटं वेचायला धावायची.

अशाच एका सकाळी कॉलनीचे अध्यक्ष पिशवी घेऊन आले. रिटायर्ड गृहस्थ, शर्टाला कडक इस्त्री, सगळ्या पोरांचे आजोबा. समाजमंदिराच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. त्यांनी पिशवी पारावर टेकवली तर आमची दोन शेंड्यांची एक चिमुरडी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“आजोबा, इथे नाही ठेवायचं. काच लागते.”

“सरक बाजूला.”

“नाही ठेवायचं!”

“मोठी आली मला शिकवणारी. बाग काय तुझ्या बापाची आहे का?”

आता तुम्हीच सांगा, पोरीने काय म्हणावं? तिला वाटलं, आजोबांनाही आपला खेळ येतो. तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, “होऽऽ! माझ्या बापाची!” मागून अख्ख्या बालवाडीने री ओढली. मी तर पोट धरून हसले.

संध्याकाळी मला मीटिंगला बोलावलं. पोरीने आणि मी माफी मागायची, नाहीतर सोमवारपासून खोलीला कुलूप. या मुलांच्या आया सकाळी कामावर जातात, बालवाडी बंद झाली तर पोरांनी दिवसभर बसायचं कुठे? पण तोंडातून माफी काही निघेना.

“मुलांना उलटं बोलायला शिकवता तुम्ही,” अध्यक्ष म्हणाले.

“उलटं नाही, सरळच बोलली ती. तुम्ही विचारलंत, तिने सांगितलं.”

“अहो बाई, ती बाग सरकारी आहे. कोणाच्या बापाची नाही!”

“आणि माफी मागायला लावून मी तिला काय शिकवू? ज्याच्या हातात किल्ली त्याची बाग?”

मग त्यांनी मोर्चा पोरीच्या वडिलांकडे वळवला. ते मूळचे सायखेड्याकडचे, इथे रिक्षा चालवतात. खाकी शर्टातच आले होते आणि मघापासून खाली मान घालून दाराशी उभे होते. मला वाटलं, आता हा बिचारा हात जोडणार, त्यालाही इथेच राहायचंय. तर ते म्हणाले, “बाप मीच हाय. बाग माझी हाय, हे मला बी आत्ताच कळलं. पण पोरगी लय खरं बोलली. ती माफी नाय मागणार.” अस्सा राग आला होता मला तोवर, पण हे ऐकलं आणि डोळे भरून आले.

सोमवारी दाराला नवंकोरं कुलूप. बाहेर पोरं डबे घेऊन उभी, आयांचे चेहरे उतरलेले. मी म्हटलं, ठीक आहे. खोली तुमची. बाग तर कोणाच्या बापाची नाही ना? चला रे! रिक्षातून सतरंजी आली, ती पिंपळाखाली अंथरली आणि आम्ही गाणी सुरू केली. अध्यक्षांची पिशवी अजून पारावरच होती. इतरांचे देव मी काढले, त्यांची पिशवी मुद्दाम तशीच ठेवली होती.

गाण्यांचा आवाज ऐकून ते तरातरा आले. गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली. “इथे बसायची परवानगी कोणी दिली?” मी पदर खोचून उठणार, एवढ्यात ती चिमुरडी सरकली. शेजारच्या पोराला ढकलून तिने सतरंजीवर जागा केली आणि हाताने थोपटून म्हणाली, “आजोबा, तुमच्या बापाची पण आहे. बसा ना.”

आजोबा बसले नाहीत. त्यांनी वाकून आपली पिशवी उचलली आणि घरी घेऊन गेले.

कुलूप अजून काढलेलं नाही. नका काढू! आम्ही इथेच बसलोय.