रबराच्या रिंगवरचा केस

मी सोलापूरहून न्यू जर्सीला आले ती कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायला. समुद्राशी माझा काही संबंध नव्हता. पार्ट-टाइम काम हवं होतं, म्हणून समुद्रविज्ञानाच्या लॅबमध्ये शिरले. तिथे ग्लायडर होते. माणसाएवढ्या लांबीची पिवळी यंत्रं, आठवडेच्या आठवडे एकटीच समुद्रात खाली-वर करत पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारी. लॅबचा म्हातारा टेक्निशियन मला ती उघडून दाखवायचा. हळूहळू मी क्लासपेक्षा तिथेच जास्त दिसू लागले.

दुसऱ्या वर्षी त्याने पहिल्यांदाच एक ग्लायडर मला एकटीला बंद करू दिला. दोन भागांच्या सांध्यात रबराची रिंग असते. ती पुसायची, ग्रीस लावायचं, फोटो काढायचा, मग सांधा मिटवायचा. मी सगळं केलं.

समुद्रात सोडल्यावर अकराव्या दिवशी आत पाणी शिरल्याचा इशारा आला आणि त्यानंतर ग्लायडर कायमचा गप्प झाला. लॅबमधल्या एका सीनियर मुलीची पीएचडी त्याच्याच नोंदींवर अडून होती.

"बॅटरी मी बसवली होती," टेक्निशियन तिला म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

मी माझा फोटो उघडून मोठा केला. रिंगवर एक लांब काळा केस आडवा पडला होता. तेवढ्या फटीतूनही पाणी आत झिरपतं. टेक्निशियनचे केस पांढरे होते.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते ते काका रिटायर्ड इंजिनिअर. संध्याकाळी त्यांना सांगितलं.

"फोटो अजून कोणी पाहिलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग उद्याच सांग. ईमेल नको करूस. समोर जाऊन सांग."

सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोटो दाखवला. सीनियर मुलीने लॅपटॉप उचलला आणि ती बाहेर निघून गेली. तिला आणखी एक वर्ष थांबावं लागलं. मिळालेली नोकरी हातची गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

"मी लॅब सोडते," मी टेक्निशियनला म्हणाले.

"सोडायची तर सोड. पण आधी रिंग तपासायची पद्धत आपण नव्याने लिहून काढू. त्यासाठी मला तू हवी आहेस."

ते लिहिण्यात अख्खा हिवाळा गेला. पाण्याचा दाब, मीठ, धातूचं गंजणं, यातलं मला काहीच नीट ठाऊक नव्हतं हे तेव्हा कळलं. वसंतात मी तिथेच समुद्र-तंत्रज्ञानाच्या पीएचडीसाठी अर्ज केला आणि प्रवेश मिळाला.

"सॉफ्टवेअर सोडून हे काय काढलंस?" आईने फोनवर विचारलं.

पुढच्या वर्षी सीनियर मुलीने आपला प्रबंध सगळ्यांसमोर मांडला. मी मागच्या रांगेत बसले होते. शेवटी आभारांची यादी आली. तीत माझं नाव नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या आणि लॅबमध्ये परतले. दुपारी नवा ग्लायडर समुद्रात सोडायला बोट निघायची होती.