देवीच्या चुलीचा धूर

बावीस वर्षं मी आमच्या गावच्या देवीच्या मंदिरात नवरात्राचा महाप्रसाद रांधला. त्याच चुलींनी माझा श्वास नेला, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, त्या दिवशी माझी श्रद्धा पहिल्यांदा डळमळली. मंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत तीन चुली, आणि सरपण म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी. घरीही तेच. यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "बिडी ओढता का?" मला रागच आला. नळीत फुंकायला लावून ते म्हणाले, "मग हा धूर आहे. फुप्फुसं जेवढी गेली तेवढी गेली. उरलेली सांभाळा."

परतताना सून सुनीता आणि मी कळंबला उतरलो. तिथल्या चिंतामणी गणपतीचा गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. मी हातही नीट जोडले नाहीत. देवीची एवढी सेवा केली, त्याचं हेच फळ का, एवढंच विचारलं आणि मागे फिरले. वर येताना अर्ध्या पायऱ्यांवर दम कोंडला. डोळ्यांपुढे अंधारी आली. सुनीता पाणी आणायला धावली. तेवढ्यात कपाळावर गोंदण असलेली एक अनोळखी बाई शेजारी बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भेऊ नको बाई. नाकानं श्वास घे. आता फुकणीनं चूल फुकतं ना, तशे ओठ कर. पण हळू, लई हळू सोड."

मी तसं केलं. छाती हळूहळू मोकळी झाली. तिनं सगळी हकिकत ऐकून घेतली. तिची आई याच दुखण्यानं गेली होती. तेव्हापासून ती नवऱ्यासोबत गावोगाव धुराड्याच्या चुली बांधून देत होती. "गावाचं नाव सांग. येतो आम्ही," म्हणाली. लोक बोलतात तसं बोलली असेल, असं मी धरून चालले.

घटस्थापनेला आठ दिवस असताना ती दोघं खरंच आली, पाइप आणि थापी घेऊन. मंदिराचे जुने पंच अडून बसले. "धुरानं आजवर कोनी मेलं काय?" सुनीता कधी वर मान करून बोलत नाही. त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवून बोलली, "आत्याबाईले दोन पायऱ्या चढता येत नाही, काका. देवीले हे आवडत असन काय?" पंच उठले. मग स्वतःच विटा उचलून द्यायला लागले. ती बाई भाकर खाऊन गेली, मजुरी घेतली नाही. नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

पहिल्या माळेला तिन्ही चुलींचा धूर पत्र्याच्या वरून सरळ आभाळात गेला. स्वयंपाक करून बाहेर आलेल्या बायकांपैकी एकीच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं, एकही खोकली नाही. आता आमचं पाहून शेजारच्या दोन गावांनी धुराडी बसवली आहेत. माझ्या सुनेनं तोंड उघडलं म्हणून हे झालं, हे मी अभिमानानं सांगते.

माझा आजार गेलेला नाही. सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप ओढावा लागतो. चुलीजवळ बसायचं नाही, हे पथ्य तर सगळ्यांत जड गेलं, कारण महाप्रसादाचा झारा हाच माझा मान होता. देवीसमोर उभं राहून तो सुनीताच्या हातात दिला, तेव्हा कळलं की बावीस वर्षं मी सगळं अर्पण केलं होतं, तेवढा मान मात्र स्वतःकडे ठेवला होता. यंदा पंगतीत बसून तिच्या हातचं वरण जेवले. माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.